अमेरिकन हायस्कूलमधलं गणित-विज्ञान: राज्याचे नियम वाचून चार वर्षांचा आराखडा कसा आखायचा

जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास आठवीतलं मूल दप्तरातून एक कागद काढतं, नाहीतर पालकांच्या ईमेलवर एक लिंक येते. नववीचे विषय निवडा, सही करा, शुक्रवारपर्यंत परत द्या. भारतात शिकलेले आपण तो कागद वरवर चाळून सही करतो. अभ्यासक्रम शाळा ठरवते, बोर्ड ठरवतं, आपण फक्त वह्या-पुस्तकं घ्यायची, हीच आपली सवय. इथे मात्र त्या कागदावर गणिताच्या रकान्यात जी खूण होते, तिच्यावरून बारावीत मूल कॅल्क्युलसच्या वर्गात बसणार की नाही हे बरंचसं ठरून जातं.

गेली काही वर्षं मी अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांबरोबर हे कागद वाचायला बसते. माझ्या मोठ्या मुलीच्या वेळी मी ते नीट वाचले नव्हते. मग एका उन्हाळ्यात तिला सहा आठवडे रोज जिऑमेट्री करत बसावं लागलं. तेव्हा जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: तुम्हाला एक नियम वाचायचा नाही, तीन वाचायचे आहेत. राज्याचा, डिस्ट्रिक्टचा (म्हणजे तुमच्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक मंडळाचा) आणि विद्यापीठाचा. राज्य सांगतं की डिप्लोमा (हायस्कूल पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र) मिळायला किमान काय लागतं. डिस्ट्रिक्ट त्यात भर घालतं. आणि विद्यापीठ सांगतं की अर्ज विचारात घ्यायला आम्हाला काय हवं. हे तीन आकडे बहुतेक वेळा वेगळे असतात, आणि घोळ होतो तो फक्त पहिला आकडा वाचून समाधान मानल्यामुळे.

पहिली पायरी: हे ठरवतं कोण?

अमेरिकेत दहावी-बारावीचं राष्ट्रीय बोर्ड नाही. राज्यघटनेच्या दहाव्या दुरुस्तीनुसार जे अधिकार केंद्राला दिलेले नाहीत ते राज्यांचे, आणि शिक्षण त्यातच येतं. त्यामुळे डिप्लोमाचे नियम पन्नास राज्यांचे पन्नास. कॉमन कोअर (२०१०) किंवा नेक्स्ट जनरेशन सायन्स स्टँडर्ड्स (२०१३) ही नावं तुम्ही ऐकली असतील. ती मुलांनी काय शिकावं हे सांगतात. किती वर्षं शिकावं आणि कोणता कोर्स सक्तीचा, हे राज्याचा कायदा किंवा राज्याचं शिक्षण मंडळ सांगतं.

१९८३ साली एका राष्ट्रीय आयोगाने हायस्कूलच्या प्रत्येक विद्यार्थ्याला गणिताची ३ आणि विज्ञानाची ३ वर्षं सक्तीची करावीत अशी शिफारस केली. त्यानंतर अनेक राज्यांनी आपल्या अटी वाढवल्या. काही तिथवर पोचली, काही त्याहून पुढे गेली, काही त्याच्या आधीच थांबली. आज दिसणारी विविधता तिथून आली आहे.

दुसरी पायरी: आपल्या राज्याचा नियम, आपल्या मुलाच्या वर्षाचा

राज्याच्या शिक्षण खात्याच्या साइटवर 'ग्रॅज्युएशन रिक्वायरमेंट्स' शोधा. पान उघडल्यावर आधी साल बघा. बहुतेक राज्यांत नियम मूल नववीत कोणत्या वर्षी दाखल झालं त्यावरून लागू होतो. मोठ्या भावाला लागू असलेला नियम धाकट्या बहिणीला लागू असेलच असं नाही. व्हॉट्सअॅप ग्रुपवर मिळालेला सल्ला चुकतो तो बहुधा इथेच. सांगणारा खरंच सांगत असतो, पण त्याच्या मुलाच्या बॅचचं.

आपली माणसं जिथे जास्त आहेत त्या राज्यांपासून सुरुवात करू.

कॅलिफोर्नियाची राज्याची अट ऐकून सगळ्यांना आश्चर्य वाटतं: गणिताची २ वर्षं, विज्ञानाची २ वर्षं. गणितात अल्जिब्रा वन किंवा इंटिग्रेटेड मॅथ वन (बीजगणित-भूमिती एकत्र शिकवणारा पहिला कोर्स) एवढा आलाच पाहिजे. विज्ञानात एक जीवशास्त्राकडचा आणि एक भौतिक विज्ञानाकडचा कोर्स. ही अट १९८३ च्या कायद्यापासूनची आहे. आठवीत किंवा सातवीत अल्जिब्रा झालेला असला, तरी नववी ते बारावीत गणिताचे दोन कोर्स करावेच लागतात. ती सूट मिळत नाही.

टेक्ससमध्ये २०१३ च्या हाउस बिल ५ नंतर 'फाउंडेशन' नावाचा मूळ आराखडा आला: एकूण २२ क्रेडिट (इथे वर्षभराच्या एका कोर्सला एक), त्यात गणिताची ३ (अल्जिब्रा वन, जिऑमेट्री आणि आणखी एक) आणि विज्ञानाची ३ (बायोलॉजी सक्तीची). त्यावर 'एन्डॉर्समेंट' (एखाद्या क्षेत्रातला जादा अभ्यास) घेतली की एकूण २६ आणि गणित-विज्ञान प्रत्येकी ४. इथे नीट थांबून बघायची गोष्ट म्हणजे अल्जिब्रा टू. मूळ आराखड्यात तो सक्तीचा नाही. पण 'डिस्टिंग्विश्ड लेव्हल ऑफ अचीव्हमेंट' (डिप्लोमाची वरची पातळी) हवी असेल तर सक्तीचा आहे, आणि टेक्ससच्या सरकारी विद्यापीठांत वर्गातल्या क्रमांकावर आपोआप प्रवेश देणारा जो १९९७ चा 'टॉप टेन पर्सेंट' कायदा आहे, त्याचा फायदा घ्यायला ही लेव्हल लागते. म्हणजे वर्गात वरच्या क्रमांकावर असलेलं मूलही अल्जिब्रा टू न घेतल्यामुळे त्या रांगेबाहेर राहू शकतं. स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) एन्डॉर्समेंटसाठी अल्जिब्रा टू, केमिस्ट्री आणि फिजिक्स तिन्ही लागतात.

न्यू यॉर्कमध्ये २२ क्रेडिट. गणित ३, विज्ञान ३. विज्ञानात किमान एक लाइफ सायन्स आणि किमान एक फिजिकल सायन्स. इथली खासियत रीजंट्स, म्हणजे राज्याच्या विषयवार परीक्षा. ६५ गुणांना पास. साध्या रीजंट्स डिप्लोमाला गणिताची एक आणि विज्ञानाची एक परीक्षा लागते. 'अॅडव्हान्स्ड डेझिग्नेशन' हवं असेल तर गणिताच्या तीन आणि विज्ञानाच्या दोन. विज्ञानाच्या रीजंट्सला बसायलाच १२०० मिनिटं प्रयोगशाळेत काढलेली असावी लागतात आणि त्यांचे लिहिलेले रिपोर्ट शाळेकडे असावे लागतात. वर्षाच्या मध्ये शाळा बदलली तर लॅब रिपोर्टची फाइल मागून घ्या आणि हाताशी ठेवा. रीजंट्सची डिप्लोमासाठीची अट टप्प्याटप्प्याने काढण्याचं काम त्या राज्यात सुरू आहे, त्यामुळे तुमच्या मुलाच्या बॅचचं पान पुन्हा पुन्हा बघायला हवं.

न्यू जर्सीत १२० क्रेडिट असं वाचून घाबरू नका, तिथे वर्षभराच्या कोर्सला ५ क्रेडिट मिळतात. गणिताची १५ म्हणजे तीन वर्षं: अल्जिब्रा वन, जिऑमेट्री आणि त्यांच्यावर बांधलेला तिसरा कोर्स. विज्ञानाचीही १५: बायोलॉजी, मग केमिस्ट्री, एन्व्हायर्नमेंटल सायन्स किंवा फिजिक्सपैकी एक, आणि तिसरा एक प्रयोगांवर आधारलेला कोर्स.

बाकीची झटपट सांगते. फ्लोरिडा: २४ क्रेडिट, गणित ४, विज्ञान ३. जॉर्जिया: २३, दोन्ही विषय ४-४. वॉशिंग्टन: २४, दोन्ही ३-३. व्हर्जिनियात स्टँडर्ड डिप्लोमाला दोन्ही ३-३ आणि अॅडव्हान्स्ड स्टडीज डिप्लोमाला ४-४. मिशिगनमध्ये गणित ४ वर्षं, अल्जिब्रा टू धरून, आणि शेवटच्या वर्षी गणित असलंच पाहिजे. नॉर्थ कॅरोलायनात गणित ४; विज्ञान ३, त्यात अर्थ किंवा एन्व्हायर्नमेंटल सायन्सचा एक कोर्स लागतोच. मॅसॅच्युसेट्स आणि कोलोरॅडोमध्ये मात्र गणित-विज्ञानाच्या कोर्सची राज्याची सक्तीची यादीच नाही. तिथे बहुतेक सगळं डिस्ट्रिक्टच्या हातात आहे.

क्रेडिट म्हणजे किती?

टेक्ससचं १, न्यू जर्सीचे ५, आणि कॅलिफोर्नियातल्या बऱ्याच डिस्ट्रिक्टमधले १० क्रेडिट ही एकच गोष्ट आहे: वर्षभराचा एक कोर्स. या सगळ्याच्या मुळाशी १९०६ पासून चालत आलेलं कार्नेगी युनिट आहे, म्हणजे वर्षाला साधारण १२० तास शिक्षकासमोर. दोन राज्यांची तुलना करायची असेल तेव्हा क्रेडिटचे आकडे बाजूला ठेवा आणि वर्षं मोजा.

आणखी एक. क्रेडिट बहुतेक ठिकाणी सेमिस्टरनुसार अर्धं-अर्धं मिळतं. पहिल्या सेमिस्टरला नापास आणि दुसऱ्याला पास, तर अर्धंच खात्यात जमा होतं. आपल्याकडे वार्षिक निकालात सगळं एकत्र धरायची सवय, म्हणून हे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

तिसरी पायरी: डिस्ट्रिक्टचं पुस्तक

आता डिस्ट्रिक्टच्या साइटवरून 'कोर्स कॅटलॉग' उतरवून घ्या. शंभर-शंभर पानांचा असतो. सगळा वाचायची गरज नाही. गणित आणि विज्ञानाची पानं छापा आणि प्रत्येक कोर्ससमोर तीन गोष्टींवर पेन्सिलने खूण करा: आधी कोणता कोर्स झालेला हवा, तो वर्षाचा की सेमिस्टरचा, आणि तो कोणत्या रकान्यात मोजला जातो.

शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. नावात 'सायन्स' आहे म्हणून कोर्स विज्ञानाच्या क्रेडिटमध्ये बसतोच असं नाही. फोरेन्सिक सायन्स, स्पोर्ट्स मेडिसिन, इंजिनिअरिंग डिझाइन हे कोर्स एका डिस्ट्रिक्टमध्ये विज्ञानात मोजले जातात, शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये ऐच्छिक म्हणून. कंप्युटर सायन्सचंही तसंच: अनेक राज्यांनी तो गणित किंवा विज्ञानाच्या जागी चालेल असं म्हटलंय, पण कोणत्या अटीवर ते राज्याराज्यात वेगळं. मुलाला तो कोर्स आवडत असेल तर जरूर घेऊ द्या. फक्त तो कुठे मोजला जातोय हे माहीत असू द्या.

कॅलिफोर्नियासारख्या राज्यात डिस्ट्रिक्टची अट राज्याच्या वर असणं नेहमीचंच. राज्य २ वर्षं म्हणतं, डिस्ट्रिक्ट ३. डिप्लोमा डिस्ट्रिक्ट देतं, त्यामुळे तुमच्यासाठी खरा आकडा ३.

चौथी पायरी: विद्यापीठाची अट लिहून काढा

इथे पुन्हा कॅलिफोर्नियाचंच उदाहरण घेते, कारण राज्याचा नियम आणि विद्यापीठाचा नियम यातली दरी तिथे सगळ्यात स्पष्ट दिसते. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया आणि कॅल स्टेट यांची 'ए-टू-जी' यादी आहे. त्यात सी म्हणजे गणित: ३ वर्षं लागतात, ४ असावीत अशी शिफारस. डी म्हणजे विज्ञान: २ लागतात, ३ ची शिफारस. एकूण १५ वर्षभराचे कोर्स, त्यातले ११ बारावी सुरू होण्याआधी.

आणि त्यातला प्रत्येक कोर्स सी किंवा त्याहून वरच्या ग्रेडने. ही ओळ अधोरेखित करा. हायस्कूल डी ग्रेडलाही पास म्हणतं, क्रेडिट देतं, डिप्लोमा देतं. विद्यापीठ तो कोर्स झालाच नाही असं धरतं. केमिस्ट्रीत डी आला, मुलाने सुटकेचा निःश्वास सोडला, आणि अर्ज भरायच्या वेळी कळलं की विज्ञानाचं एक वर्ष कमी पडतंय, असं मी एकापेक्षा जास्त घरांत पाहिलं आहे. गणितात एक सवलत आहे: वरच्या कोर्सला सी मिळाला तर खालचा डी भरून निघू शकतो, म्हणजे अल्जिब्रा टू चांगला केला तर अल्जिब्रा वनचा डी धुतला जातो. जिऑमेट्री मात्र गाळून चालत नाही; ती, किंवा तिचा भाग असलेले इंटिग्रेटेड कोर्स, प्रत्यक्ष करावेच लागतात. माझ्या मुलीचा उन्हाळा गेला तो यातच. आठवीत तिला अल्जिब्रा झाला, नववीत थेट अल्जिब्रा टूच्या वर्गात जागा मिळाली, आणि मधली जिऑमेट्री राहून गेली हे आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नाही.

ए-टू-जीमध्ये कोर्स मोजला जायला तो तुमच्या शाळेच्या नावाने मंजूर यादीत असावा लागतो. ही यादी ऑनलाइन कोणालाही पाहता येते. बाहेरच्या ऑनलाइन शाळेतून कोर्स करणार असाल तर पैसे भरण्याआधी त्या शाळेचं नाव तिथे शोधा. अल्जिब्रा टूऐवजी डेटा सायन्सचा प्रास्ताविक कोर्स चालेल का, यावरही बराच वाद झाला होता. २०२३ मध्ये विद्यापीठाच्या प्राध्यापकांच्या समितीने तो मार्ग बंद केला.

मॅसॅच्युसेट्समध्ये राज्याची सक्तीची यादी नाही म्हटलं, पण तिथल्या सरकारी विद्यापीठांना गणिताची ४ वर्षं लागतात, शेवटचं वर्ष धरून, आणि प्रयोगशाळेसह विज्ञानाचे ३ कोर्स. एमआयटीसारखी संस्था कॅल्क्युलसपर्यंतचं गणित आणि फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी प्रत्येकी एक वर्ष झालेलं असावं असं सुचवते. तुमच्या मुलाला कुठे जायचंय हे नववीत ठरलेलं नसतं, ठरू नयेही. म्हणून मी पालकांना एक साधा आराखडा सुचवते: गणित चारही वर्षं, विज्ञान किमान तीन वर्षं, आणि त्यात बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स तिन्ही. एवढं केलं तर गणित-विज्ञानापुरते बहुतेक सगळीकडचे दरवाजे उघडे राहतात.

पाचवी पायरी: गणिताची शिडी बारावीपासून उलटी मोजा

नेहमीचा क्रम असा: अल्जिब्रा वन, जिऑमेट्री, अल्जिब्रा टू, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस. पाच पायऱ्या आणि हायस्कूलची वर्षं चार. बारावीत कॅल्क्युलस हवं असेल तर एक पायरी कुठेतरी आधी चढावी लागते, आणि ती बहुतेक वेळा आठवीत अल्जिब्रा वन घेऊन. म्हणजे निर्णय खरा सहावीत होतो, कारण आठवीच्या अल्जिब्राला पोचायला सहावी-सातवीत वेगाने जाणारा वर्ग लागतो. टेक्ससमध्ये २०२३ च्या कायद्याने पाचवीत गणितात वरच्या ४० टक्क्यांत असलेल्या मुलांना सहावीच्या पुढच्या पातळीच्या वर्गात आपोआप घातलं जातं. पालकांना नको असेल तर तसं कळवता येतं. सॅन फ्रान्सिस्कोत उलट झालं. २०१४ मध्ये आठवीतला अल्जिब्रा काढून टाकला, दहा वर्षं त्यावर भांडण चाललं, आणि मार्च २०२४ मध्ये मतदारांनी तो परत आणा असा कौल दिला. गावागावात हा एवढा जिव्हाळ्याचा प्रश्न आहे.

उशीर झालाय असं वाटत असेल तर मार्ग आहेत. नववी-दहावीत जिऑमेट्री आणि अल्जिब्रा टू एकाच वर्षी घेणं, उन्हाळ्यात एक कोर्स करणं, किंवा कम्युनिटी कॉलेजमध्ये ड्युअल एन्रोलमेंट (हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचा कोर्स करणं). माझा कल पहिल्या मार्गाकडे असतो. दोन गणितं एका वर्षी म्हणजे मेहनत आहे, पण एका ऐच्छिक विषयाची जागा देऊन ते जमतं, आणि जिऑमेट्रीला पूर्ण वर्ष मिळतं. सहा आठवड्यांत वर्षाचा कोर्स उरकला की क्रेडिट मिळतं, पण सिद्धता लिहायची सवय लागत नाही.

इथे मला आपल्या लोकांशी मनापासून थोडं बोलायचंय. आपल्या घरांत घाई उलट्या बाजूने होते. सातवीतच अल्जिब्रा, आठवीत जिऑमेट्री, शेजारच्याचा मुलगा तर सहावीत. राज्याचा कोणताही नियम हे मागत नाही. कॅल्क्युलसमध्ये अडणारी मुलं मी बघते, ती कॅल्क्युलसला अडत नाहीत. ती अपूर्णांकांना, घातांकांना, बैजिक राशींच्या अवयवांना अडतात. आठवीत अल्जिब्रा वनला मूल बी किंवा सीवर रखडत असेल आणि शाळा नववीत तो पुन्हा घ्यायचा पर्याय देत असेल, तर त्यात कमीपणा मानू नका. एक प्रश्न मात्र लेखी विचारून ठेवा: मिडल स्कूलमध्ये घेतलेल्या अल्जिब्राची ग्रेड हायस्कूलच्या ट्रान्स्क्रिप्टवर (सगळ्या कोर्स-ग्रेडची नोंद) आणि जीपीएत (ग्रेडची सरासरी) धरली जाते का? काही ठिकाणी धरली जाते, काही ठिकाणी फक्त क्रेडिट दिसतं, काही ठिकाणी दोन्ही नाही.

सहावी पायरी: विज्ञानात 'लॅब' हा शब्द शोधा

नियमात नुसतं 'सायन्स' आहे की 'लॅबोरेटरी सायन्स', हे बघा. वॉशिंग्टनमध्ये ३ पैकी २ कोर्स लॅबचे लागतात, फ्लोरिडातही ३ पैकी २ कोर्समध्ये प्रयोगांचा भाग लागतो, व्हर्जिनियात सगळेच लॅबचे. ऑनलाइन केलेली केमिस्ट्री लॅब म्हणून मोजली जाते का, हा प्रश्न कोर्स घेण्याआधीच विचारून टाका.

क्रमाबद्दल एकच सांगते. केमिस्ट्रीला अल्जिब्रा वन पचलेला हवा. मोल आणि गुणोत्तरं तिथेच येतात. फिजिक्सला त्रिकोणमितीची तोंडओळख हवी. विज्ञानाचा आराखडा गणिताच्या शिडीशेजारी ठेवून आखा, नाहीतर मूल फिजिक्सच्या वर्गात बसून सदिशांपेक्षा साइन-कोसाइनशीच झगडत राहतं. काही शाळा 'फिजिक्स फर्स्ट' म्हणून नववीतच फिजिक्स देतात. ते संकल्पनांवर आधारलेलं असतं. पुढे इंजिनिअरिंगकडे जाणाऱ्याने अकरावी-बारावीत गणितावर आधारलेलं फिजिक्स पुन्हा घ्यावं.

भारतातून थेट नववी-दहावीत किंवा अकरावीत येणाऱ्या मुलांसाठी

या भागावर मी जास्त वेळ घालवते, कारण इथे कोणीच मदत करत नाही.

महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर 'गणित' ही एकच ओळ दिसते. काउन्सेलर (विषयनिवडीत मदत करणारा शाळेचा सल्लागार) ती बघून एक क्रेडिट देतो, आणि दहावी झालेलं मूल नववीच्या अल्जिब्रा वनमध्ये बसवलं जातं. तुम्ही सांगायला हवं की आपल्याकडे गणित भाग १ म्हणजे बीजगणित आणि भाग २ म्हणजे भूमिती, दोन्ही नववी आणि दहावी दोन्ही वर्षं शिकवले जातात. दहावीच्या बीजगणितात दोन चलांतील रेषीय समीकरणं, वर्गसमीकरणं, अंकगणिती श्रेढी, संभाव्यता, सांख्यिकी. भूमितीत समरूपता, पायथागोरसचं प्रमेय, वर्तुळ, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती, महत्त्वमापन. दोन्ही पुस्तकांच्या अनुक्रमणिकेची पानं इंग्रजीत काढून सोबत द्या, आणि अल्जिब्रा वन व जिऑमेट्री अशी दोन क्रेडिट मागा. विज्ञानाचंही तेच: विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १ मध्ये भौतिक-रसायन, भाग २ मध्ये मुख्यतः जीवशास्त्र. प्रयोगवही असेल तर तीही बॅगेत टाका. लॅब झाली याचा दुसरा पुरावा आपल्याकडे नसतो.

निघण्यापूर्वी भारतातल्या शाळेकडून ही कागदपत्रं घ्या: आठवी, नववी, दहावीच्या गुणपत्रिका शिक्क्यासह, शाळा सोडल्याचा दाखला, आणि गुणांची श्रेणी सांगणारं मुख्याध्यापकांचं पत्र. मराठीत असलेल्या प्रत्येक कागदाचं प्रमाणित भाषांतर. श्रेणीचं पत्र का, तर इथे ६५ टक्के म्हणजे जेमतेम पास किंवा नापास. आपल्याकडे प्रथम श्रेणी ६० ला सुरू होते हे काउन्सेलरला कोणी सांगितल्याशिवाय कळणार नाही. काही डिस्ट्रिक्ट परदेशी कोर्सला नुसतं 'पास' लिहितात आणि जीपीएत धरत नाहीत. गुण चांगले नसतील तर ते फायद्याचंच.

क्रेडिट मिळालं म्हणजे जागा बरोबर मिळाली असं नाही, हेही सांगायला हवं. आपलं दहावीचं मूल वर्गसमीकरण झटकन सोडवतं, पण त्याने पॅराबोला काढून तो सरकवलेला नसतो. 'फंक्शन' ही कल्पना महाराष्ट्र बोर्डात अकरावीत येते. इथे अल्जिब्रा वनपासून सगळं तिच्याभोवती फिरतं. थेट अल्जिब्रा टूमध्ये जाणार असेल तर मधल्या सुट्टीत फंक्शन, आलेख आणि घातांकी वाढ एवढं करून घ्या. आलेखाचा कॅल्क्युलेटरही हातात द्या, इथे तो परीक्षेत चालतो.

शाळा ऐकत नसेल तर परीक्षेचा मार्ग विचारा. टेक्ससमध्ये कोर्स न करता परीक्षेतून क्रेडिट मिळवायला ८० टक्के लागतात, आणि तो विषय आधी शिकलेला असेल तर ७०. इतरत्रही प्लेसमेंट टेस्ट असतात. त्या ऑगस्टमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधीच उरकतात, म्हणून जूनमध्ये आल्या आल्या चौकशी करा.

परीक्षा

कोर्स पूर्ण करणं आणि राज्याची परीक्षा पास होणं या दोन वेगळ्या अटी असू शकतात. टेक्ससमध्ये स्टार नावाच्या राज्याच्या पाच परीक्षांत अल्जिब्रा वन आणि बायोलॉजी येतात. फ्लोरिडात अल्जिब्रा वनची परीक्षा पास व्हावीच लागते, तर बायोलॉजीची परीक्षा त्या कोर्सच्या ग्रेडमध्ये ३० टक्के धरली जाते. न्यू जर्सीत अकरावीत एक परीक्षा असते आणि तिला पर्यायही असतात. मॅसॅच्युसेट्समध्ये नोव्हेंबर २०२४ च्या मतदानात डिप्लोमासाठी एमकॅस ही राज्याची परीक्षा पास होण्याची अट काढली गेली. दहावीनंतर राज्य बदलून आलेल्या मुलाला नव्या राज्याची अल्जिब्रा वनची परीक्षा द्यावी लागेल का, हे पहिल्याच भेटीत विचारा.

राज्य बदलताना

नोकरीसाठी आपण राज्यं बदलतो, आणि मुलाची अकरावी ही बदलायला सगळ्यात अवघड जागा. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबात मुलीची बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स तिन्ही झालेली होती. नव्या राज्यात अर्थ सायन्स सक्तीचं निघालं आणि बारावीत एपी (कॉलेजच्या पातळीची) केमिस्ट्री सोडून ते घ्यावं लागलं. नव्या घराचा करार करण्याआधी त्या राज्याची यादी आणि मुलाचं ट्रान्स्क्रिप्ट शेजारी ठेवून पाहिलं असतं, तर उन्हाळ्यात तो कोर्स आटोपता आला असता. जुन्या शाळेतून निघताना प्रत्येक कोर्सचं वर्णनाचं पान आणि पुस्तकाचं नाव घेऊन ठेवा. 'मॅथ टू' नावाचा कोर्स नव्या शाळेला जिऑमेट्री वाटेल की अल्जिब्रा, हे त्या पानावरून ठरतं.

दरवर्षी एकदा हिशोब

दर जूनमध्ये ट्रान्स्क्रिप्टची प्रत मागा. ग्रेड सोडून द्या, त्या तुम्हाला माहीत असतात. कोर्सचं नाव, क्रेडिटचा आकडा आणि कोणत्या विषयाखाली तो टाकलाय, एवढं तपासा. चूक निघाली तर त्याच उन्हाळ्यात ईमेल करा. एकेका काउन्सेलरकडे शेकडो मुलं असतात. चूक झाली तर त्यात दुष्टपणा नसतो, पण ती शोधायचं काम तुमच्यावर येतं.

काउन्सेलरला भेटायला जाताना मी एकाच कागदावर चार उभे रकाने काढते: नववी ते बारावी. त्यात गणित आणि विज्ञान भरलेलं, आणि खाली तीन ओळी: राज्य, डिस्ट्रिक्ट, विद्यापीठ. प्रत्येक ओळीत किती झालं आणि किती राहिलं. असा कागद समोर ठेवला की वीस मिनिटांची भेट कामाची होते. मूल शेजारी बसलेलं असू द्या, आणि शक्यतो त्यालाच बोलू द्या.

आणि बारावीच्या जानेवारीत, अर्ज गेल्यावर, मूल म्हणेल की आता दुसऱ्या सेमिस्टरला गणित सोडलं तर काय बिघडलं. विद्यापीठाचा प्रवेश अर्जात लिहिलेले कोर्स पूर्ण होतील या अटीवर दिलेला असतो आणि शेवटचं ट्रान्स्क्रिप्ट उन्हाळ्यात पुन्हा तपासलं जातं. कोर्स बदलायचाच असेल तर आधी विद्यापीठाला ईमेल करून लेखी होकार घ्या, मगच शाळेच्या फॉर्मवर सही करा.